देव न मानणाऱ्याची मैत्री

१९३० च्या ऑक्टोबरात लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांनी 'मी नास्तिक का आहे' हा निबंध लिहिला. तो वाचताना बहुतेकांचं लक्ष देवाविरुद्धच्या युक्तिवादाकडे जातं, पण निबंधाची सुरुवात मित्रांपासून होते. थोड्याशा सहवासानंतर काही मित्रांनी ठरवून टाकलं होतं की हा देव मानत नाही तो गर्वापायी. नाव झालं आणि डोक्यात हवा गेली, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे आणखी एका स्नेह्याने त्यांना सांगितलं, शेवटचे दिवस जवळ आले की तूही मानायला लागशील. तेवीस वर्षांच्या, फाशी समोर दिसत असलेल्या माणसाला आपल्याच माणसांना हे समजावत बसावं लागलं की माझा अविश्वास घमेंडीतून आलेला नाही आणि भीतीने तो मोडणारही नाही.

हे दोन आरोप तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत. 'स्वतःला फार शहाणी समजतेस' आणि 'संकट येऊ दे, मग बघू' ही दोन वाक्यं ऐकली नाहीत असा देव न मानणारा माणूस महाराष्ट्रात मला तरी भेटलेला नाही. ती बोलणारे क्वचितच परके असतात. शाळेपासूनची मैत्रीण बोलते, शेजारच्या टेबलावरचा सहकारी बोलतो, ज्याच्या घरी आपण हक्काने जेवायला जातो तो मित्र बोलतो. या विषयावरचं आपलं बहुतेक लिखाण खून, खटले, कायदे आणि सभा उधळणं यांभोवती फिरतं, आणि ते योग्यच आहे. पण देव न मानणाऱ्याचं रोजचं आयुष्य मित्रांच्या नजरेत घडतं किंवा बिघडतं. या आढाव्यात मी मुख्यतः त्या नजरेबद्दल लिहिणार आहे.

आधी आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत ज्यांचा धर्म नोंदला गेला नाही अशांची संख्या सुमारे २८ लाख ६७ हजार होती, म्हणजे लोकसंख्येच्या पाव टक्क्याच्या आसपास. स्वतःला स्पष्टपणे नास्तिक म्हणून नोंदवणारे त्याहून कितीतरी कमी. प्यू रिसर्च सेंटरने २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या मार्चपर्यंत भारतात जवळपास ३० हजार प्रौढांशी बोलून पाहणी केली. तिच्यात ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं. उरलेल्या तीन टक्क्यांत किती जणांना खरोखर विश्वास नव्हता आणि किती जण प्रश्नच टाळत होते, हे कुणी ठरवावं? आपल्याकडे देव न मानणारे बरेच जण घरच्या गणपतीपुढे हात जोडतात आणि जनगणनेच्या कागदावर जन्माचा धर्म लिहू देतात. आईला वाईट वाटू नये, मुलीचं लग्न अडू नये, चारचौघांत वाद नको, अशी त्यांची कारणं असतात आणि ती साधी असतात.

याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. देव न मानणारा माणूस हिंदू असू शकत नाही, असं ४९ टक्के हिंदूंनी सांगितलं. 'आपल्यात काहीही मानलं तरी चालतं, नास्तिकालाही जागा आहे' हे वाक्य आपण किती अभिमानाने उच्चारतो! चार्वाकाचं नाव घेतो, सांख्य आणि मीमांसा दर्शनांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही हे सांगतो. ग्रंथांच्या पातळीवर ते खरंही आहे. पण घरोघर जाऊन विचारलं तेव्हा जवळजवळ निम्म्या हिंदूंनी देव न मानणाऱ्याला दाराबाहेर ठेवलं. त्याच पाहणीत सुमारे एकतृतीयांश बौद्धांनी आपण देव मानत नाही असं सांगितलं. भारतात बौद्धांचा सर्वात मोठा समूह महाराष्ट्रात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होते. म्हणजे आपल्या राज्यात देवाविना जगणं ही पेठेतल्या चार विद्वानांची मिरास नाही. वस्त्यावस्त्यांत ते दोन-तीन पिढ्यांपासून चालत आलं आहे, मात्र नास्तिकांची चर्चा निघाली की ही माणसं मोजायची राहतात.

नजरेत नेमकं काय असतं, यावर २०१७ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. विल जरवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह तेरा देशांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांपुढे एका क्रूर माणसाचं वर्णन ठेवलं. लहानपणी प्राण्यांचे हाल करणारा आणि मोठेपणी खून करत सुटलेला हा माणूस कसा असेल, हा प्रश्न होता. तो देव मानणारा असल्याचा चुकीचा अंदाज जितक्या लोकांनी केला, त्याच्या साधारण दुपटीने लोकांनी तो देव न मानणारा असेल असं गृहीत धरलं. आणि या गृहीतकापासून नास्तिक स्वतःही सुटले नाहीत. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी संभाषणांचा उलगडा झाला. 'नास्तिक असूनही माणूस चांगला आहे' असं कौतुकाने म्हणणाऱ्या मित्राच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या त्या 'असूनही'मागे हजारो वर्षांची एक धास्ती असते की याच्यावर वरून कुणाची नजर नाही, मग याला अडवणार कोण?

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार आगरकर आणि टिळक यांच्याशिवाय होऊ शकत नाही. डेक्कन कॉलेजात जुळलेली ही मैत्री. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, असं दोघांनी मिळून ठरवलं. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला तेव्हा संपादक आगरकर होते. कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या लिखाणाबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिलं. एका कोठडीत रात्र-रात्र वाद घालणाऱ्या या दोन तरुणांची वाट पाच वर्षांत फुटली. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले.

हे सगळं देवावरून झालं असं म्हणणं चूक ठरेल. संमतिवय, मुलींचं शिक्षण, संस्थेतले पगार आणि नियम, आधी स्वराज्य की आधी सुधारणा अशी वादाची खरी ठाणी वेगळी होती. पण मिल आणि स्पेन्सर वाचून आगरकर ईश्वराच्या बाबतीत जिथे पोचले होते, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक मताकडे पाहण्याची पुण्याची नजर ठरून गेली. विधवेच्या केशवपनाविरुद्ध लिहिलं तरी उत्तर 'याला धर्मच नाही' असं येई. मुद्दा बाजूला पडे आणि माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राही. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने खंगलेला, तुटपुंज्या पगारावर फर्ग्युसनचं प्राचार्यपद सांभाळणारा हा माणूस १७ जून १८९५ ला वयाच्या चाळिशीच्या आत गेला. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. इतक्या कडवट भांडणानंतरही तो लिहिला गेला, याला मी मोल देते. पण जी माणसं हयातीत एकमेकांची मतं खोडत होती, त्यांच्यापैकी एकालाच स्वतःचं चारित्र्य पदोपदी सिद्ध करावं लागत होतं, हेही मला विसरता येत नाही.

आगरकरांनंतरची परंपरा मोठी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून अखेरच्या श्वासापर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि एकाकीपण सोसलं. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शास्त्रांत मुरलेले पंडित होते आणि त्यांनी जडवादाची मांडणी केली. सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे असं लिहिलं आणि आपल्यामागे धार्मिक विधी नकोत असं सांगून ठेवलं. देव न मानणारा म्हणजे डावाच असणार, असं मित्र बेधडक ठरवतात तेव्हा हे नाव आठवायला हरकत नाही. अविश्वासाला एकच राजकीय पत्ता नसतो.

जवळच्या काळातलं उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचं. 'परमेश्वराला रिटायर करा' हा त्यांचा लेख गाजला आणि रंगभूमीवरच्या नटसम्राटावर जीव टाकणारे प्रेक्षक दुखावले. पुढे लागू आणि नरेंद्र दाभोलकर यांनी 'विवेकजागराचा वाद-संवाद' हा कार्यक्रम गावोगाव केला. लागू व्यासपीठावर सरळ म्हणत की देव नाही. दाभोलकर म्हणत की महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माला विरोध करत नाही, देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला करते. एकाच मंचावरचे हे दोन मित्र एका कळीच्या मुद्द्यावर वेगळं बोलत, समोरच्या लोकांना ते दिसत असे, आणि त्यामुळे मैत्रीला काही होत नसे. मतभेद घेऊन मैत्री कशी करावी याचा इतका उघड पाठ आपल्याकडे दुसरा झालेला मला माहीत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्या वर्षअखेर विधिमंडळाने मंजूर केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात देव मानण्या-न मानण्याबद्दल एक शब्दही नाही. तरीही त्यांना धर्मद्रोही म्हणणारे आवाज थांबले नाहीत.

आता मित्रांच्या घोळक्यात काय घडतं ते पाहू. मराठी माणसाची श्रद्धा एकट्याने बसून करायची गोष्ट फार कमी वेळा असते. ती दिंडीत असते, मंडळात असते, अष्टविनायकाच्या गाडीत असते, पहाटे अनवाणी निघालेल्या चौघांच्या गप्पांत असते. गणपतीची वर्गणी, मांडव, ढोलाचा सराव, सत्यनारायणाला उठणाऱ्या पंगती या सगळ्यांतून मैत्री घट्ट होते. म्हणून कुणी 'मी आरतीला येत नाही' म्हणालं की मित्रांच्या कानावर 'मला तुमच्यात यायचं नाही' असं पडतं. देव आहे की नाही यावर वाद घालायला बहुतेकांना वेळही नसतो आणि हौसही नसते. त्यांना दुखतं ते हे की आपण ज्यात जीव ओतला त्याला हा बाहेर उभा राहून पाहतो आहे. माझ्या मते मित्रांकडून होणाऱ्या न्यायनिवाड्याचं मूळ इथे आहे. म्हणूनच तिथे तर्काने उत्तर देऊन भागत नाही. ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे मागणारा मित्र विरळा असतो, 'मग तू आमचा कसा?' हा न बोललेला प्रश्न मात्र सगळ्यांकडे असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीचे वडील अतिदक्षता विभागात होते. आम्ही जुन्या मैत्रिणी आळीपाळीने बाहेरच्या बाकांवर रात्र काढत होतो. रक्ताच्या पिशव्या, औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद ही धावपळ माझ्याकडे होती. एका संध्याकाळी एक जण गाणगापूरचा अंगारा घेऊन आली. तिने पुडी उघडून एकेकीच्या कपाळाला बोट टेकवलं आणि माझ्यापाशी आल्यावर हात मागे घेतला. 'हिला नको गं, ही कुठे मानते,' असं दुसरी म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण त्या क्षणी बाकावर माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी झाल्यासारखी वाटली. मैत्रिणीची आई हे पाहत होती. तिने उरलेली पुडी घडी घालून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, 'लावू नकोस बाळा. नुसती पर्समध्ये ठेव, मला बरं वाटेल.' मी ठेवली. काकूंनी मला काही मानायला लावलं नव्हतं. तिच्या भीतीत मला सोबतीला घेतलं होतं, आणि ते नाकारण्यासारखं काहीच माझ्याकडे नव्हतं. वडील बरे होऊन घरी आले. नंतर कितीतरी दिवस आमच्या ग्रुपवर विषय निघाला की ती दुसरी मैत्रीण लिहायची, 'शेवटी ठेवलीसच ना पर्समध्ये!' काकूंनी जे मायेने दिलं, ते तिने पुरावा म्हणून वापरलं. दोघीही श्रद्धाळू. फरक श्रद्धेचा नव्हता, समोरच्या माणसाला जसं आहे तसं राहू देण्याचा होता.

देव न मानण्याची किंमतही सगळ्यांना सारखी पडत नाही. पुरुष नास्तिक असला तर त्याला विक्षिप्त, विचारवंत किंवा फार तर हट्टी म्हणतात. बाईने वटपौर्णिमेचा दोरा गुंडाळला नाही की चर्चा थेट तिच्या नवऱ्याच्या आयुष्यावर जाते. हळदीकुंकवाला न जाणारी शेजारीण गर्विष्ठ ठरते, आणि गेली तर 'मग मानतेस की' असं ऐकते. व्रतांचा सगळा भार बाईच्या अंगावर असल्यामुळे तिचा अविश्वास जास्त दिसतो आणि जास्त टोचतो. बौद्ध तरुणाने ऑफिसातल्या सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला तर त्याच्या मताकडे कुणी पाहत नाही, त्याची जात आठवते. तेच एखाद्या ब्राह्मण सहकाऱ्याने केलं तर त्याला पुरोगामी म्हणतात. मुस्लिम घरातल्या देव न मानणाऱ्या माणसाची कोंडी दुहेरी असते. घरचे त्याला परका ठरवतात आणि बाहेरचे 'तू त्यांच्यापेक्षा वेगळा आहेस' म्हणून अशी पाठ थोपटतात की तीही अपमानासारखी लागते. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेले हमीद दलवाई हे सगळं जगले. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी विधानभवनावर नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, आणि स्वकीयांचा रोष व इतरांची सोयीची वाहवा दोन्ही झेलत वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच गेले.

देव न मानणाऱ्यांकडूनही मैत्री दुखावते, हे लिहिल्याशिवाय आढावा प्रामाणिक होणार नाही. मित्राच्या घरी आरती चालू असताना कोपऱ्यात मोबाइल काढून बसणं, आजारी मुलासाठी नवस बोललेल्या बापाला त्याच वेळी संभाव्यतेचं गणित ऐकवणं, वारीला निघालेल्या सहकाऱ्याला 'सुट्टी वाया घालवतोस' म्हणणं, हे सगळं मी पाहिलं आहे आणि ते क्रूर आहे. विठ्ठलाच्या पायावर डोकं टेकताना ज्याला वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं वाटतं, त्याचं ते वाटणं खरं असतं. त्या वाटण्याची टिंगल करून आजवर कुणाचं मत बदललेलं नाही. तरीही दोन्ही बाजू सारख्याच दोषी आहेत असं म्हणून मी मोकळी होणार नाही. ९७ टक्क्यांच्या जगात श्रद्धाळू माणसाला 'तू का मानतोस?' हे कुणी जन्मात विचारत नाही. उरलेल्याला मात्र लग्न, बारसं, बढती, अपघात, मृत्यू अशा प्रत्येक वळणावर खुलासा द्यावा लागतो. ज्याला सतत खुलासा द्यावा लागतो तो कधीतरी चिडतो, आणि त्याच्या चिडण्याकडे बोट दाखवून पुन्हा म्हटलं जातं, बघा, कसा अहंकारी आहे.

कायदा या बाबतीत मित्रांपेक्षा स्पष्ट आहे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य धर्माचरणाच्या आधी लिहिलेलं आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेतल्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला आणि त्यापायी त्याची वेतनश्रेणी अडकली, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. २०१४ च्या सप्टेंबरात याच न्यायालयाने म्हटलं की कोणत्याही सरकारी अर्जावर धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही आणि 'माझा कोणताही धर्म नाही' असं सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे. हे निकाल मोलाचे आहेत. पण त्या शिक्षकाबरोबर डबा खायला शिक्षकखोलीत कोण बसलं असेल, हे कोणतंही न्यायालय ठरवू शकत नाही.

मित्रांची खरी गरज सगळ्यात शेवटी लागते. दलवाईंनी धार्मिक विधींशिवाय दहन व्हावं अशी इच्छा सांगितली होती आणि जवळच्यांनी ती पाळली. हे वाटतं तितकं सोपं नसतं. महाराष्ट्रात शरीररचनाशास्त्र कायद्याखाली देहदानाचा अर्ज हयातीत भरता येतो, पण प्रत्यक्षात घरच्यांनी देह वैद्यकीय महाविद्यालयात पोचवला तरच ते दान होतं. अर्ज कपाटात राहिला, गावाहून काका आले, गुरुजींना फोन गेला, आणि आयुष्यभर विधी नाकारलेल्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत सगळे घाटावर उभे राहिले, असं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. तिथे शोकात बुडालेल्या बायकोला किंवा मुलाला एकट्याने भावकीपुढे उभं राहणं जमत नाही. त्या वेळी बोलू शकतो तो मित्र, आणि तो श्रद्धाळू असला तर त्याचं जास्त ऐकलं जातं. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकाच्या बाबतीत असंच झालं. दरवर्षी आळंदीहून पायी वारी करणारा त्यांचा बालमित्र गळ्यातल्या तुळशीच्या माळेसह दारात उभा राहिला आणि भावकीला म्हणाला, 'त्याने मला सांगून ठेवलंय. दहावा नाही, तेरावा नाही. गाडी मेडिकल कॉलेजकडे जाईल.' घरात थोडी कुजबुज झाली. मग त्याने स्वतःच गाडीवाल्याला फोन लावला.